फेब्रुवारीतलं पत्र आणि गजभियेसाहेब

गजभियेसाहेबांची आणि माझी पहिली भेट जिन्यात झाली, आणि त्या पहिल्याच भेटीत मला त्यांचा राग आला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ओमानमध्ये यजमानांची बदली मस्कतहून सूरला झाली होती आणि मला तिथल्या भारतीय शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली होती. समुद्राजवळच्या एका तीन मजली इमारतीत आम्ही फ्लॅट पाहिला, घरमालकाशी बोलणं झालं, करारावर सह्याही झाल्या. खाली उतरताना पहिल्या मजल्यावर एक सडपातळ, सावळे गृहस्थ दाराचं कुलूप उघडत होते. दारावरचं मराठी आडनाव वाचून मला परदेशात माहेर भेटल्यासारखं झालं. मी म्हटलं, "नमस्कार. आम्ही वरच्या फ्लॅटमध्ये राहायला येतोय."

"चावी मिळाली?" त्यांनी विचारलं.

"करार झाला. चावी उद्या देणार आहेत."

"मंग अजून नाही मिळाला फ्लॅट," ते शांतपणे म्हणाले. "चावी आली की सांगा. चहाला या."

आणि दार बंद झालं.

चावी दुसऱ्या दिवशी आली नाही. घरमालक रोज "उद्या, इन्शाल्ला" म्हणत राहिला आणि आम्ही सामानासकट हॉटेलात पडून राहिलो. गजभियेसाहेब रस्त्यात दिसले की विचारत, "आली का?" त्यांच्या आवाजात कुचेष्टा अजिबात नसे. तशी असती तर निदान मनातल्या मनात दोन शिव्या देता आल्या असत्या. शेवटी चावी आली, त्या संध्याकाळी आमचं लोखंडी कपाट वर चढवताना पुढचा खांदा त्यांचा होता, आणि रत्नमालावहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, गरम सांबारवड्यांचं ताट वर पाठवलं होतं. सांबार म्हणजे कोथिंबीर हे मला त्या दिवशी कळलं. पाहुणचारात त्या घराने कधी कसूर केली नाही. फक्त एखादी गोष्ट झाली, असं त्यांच्याकडून वदवून घेणं महाकठीण होतं.

साहेब मूळचे भंडाऱ्याचे. सूरच्या बाहेर समुद्रकाठी एक मोठा कारखाना होता, तिथे ते इंजिनियर होते. यंत्रांवरचे दाबाचे आणि तापमानाचे काटे खरं दाखवतात की नाही, हे तपासणं त्यांचं काम. माझे यजमान म्हणत, "त्या माणसाला दोष देऊ नकोस. दिवसभर त्याची गाठ खोटं बोलणाऱ्या काट्यांशी असते." मला हे पटत नसे. काट्यांचा राग माणसांवर कशाला?

एकदा ईदच्या सुट्टीत आम्ही चार मराठी कुटुंबांनी मिळून रास अल हद्दला कासवं पाहायला जायचं ठरवलं. ईद उद्या की परवा, हे चंद्र दिसण्यावर. तरी सगळ्यांनी अंदाजाने दशम्या केल्या, गाद्या बांधल्या, पोरांना कपडे घातले. टीव्हीवर सुट्टी जाहीर झाली आणि आम्ही गाड्यांत बसलो, तर गजभिये कुटुंबाचा पत्ता नाही. मी खाली जाऊन पाहिलं तेव्हा वहिनी पीठ भिजवत होत्या आणि साहेब माळ्यावरून बॅग काढत होते. "आता झाली ना सुट्टी पक्की," ते म्हणाले, "आता भरतो." आम्ही सगळे गाडीत घामाघूम होऊन त्यांची वाट पाहत बसलो. वहिनी येऊन शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमचं लग्नही यांनी गळ्यात हार पडेपर्यंत कोणाला सांगितलं नाही बाप्पा."

शाळेत मला विभागप्रमुख करायचं ठरलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. घरी येताना साहेब भेटले. मी बातमी सांगितली. "ऑर्डर निघाली?" त्यांनी विचारलं. मी उत्तर न देता जिना चढून गेले. ऑर्डर निघाल्यावर मात्र ते नवी कोरी साडी घेऊन वहिनींसकट वर आले, आणि मला पुन्हा स्वतःच्या रागाची पंचाईत झाली.

प्रज्ञा ही त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्या वर्गात होती. शाळेतल्या सगळ्या मुलांसारखीच ती इंग्रजीत पाण्यासारखी बोले आणि मराठीत ठेचकाळे. पण डोकं लखलखीत. तिला समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायचा होता. बारावीच्या वर्षी तिने अमेरिकेतल्या काही नामवंत कॉलेजांत अर्ज करायचं ठरवलं. शिष्यवृत्तीशिवाय जाणं शक्य नव्हतं आणि शिष्यवृत्ती देणारी कॉलेजं शेकड्यात मोजक्याच मुलांना घेणारी. आमच्या शाळेत असं कोणी आधी केलं नव्हतं. मार्गदर्शक म्हणून मीच पुढे झाले, माहिती काढली, तिची शिफारसपत्रं लिहिली, निबंध पुन्हा पुन्हा वाचले. साहेबांनी सगळ्या कागदांवर सह्या केल्या. म्हणाले, "अर्ज करायला काही हरकत नाही. पण इकडच्या एन्ट्रन्सचा अभ्यास बंद नाही करायचा." पोरगी पहाटे भारतातल्या परीक्षांची गणितं सोडवी आणि संध्याकाळी अमेरिकेचे निबंध लिही. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी प्रज्ञा धावत वर आली. हातात तिला सगळ्यात हव्या असलेल्या कॉलेजचं पत्र. "आंटी, वाच ना. आय थिंक इट्स गुड. बट आय डोन्ट नो."

पत्र एकाच पानाचं होतं. अधिकृत निर्णय एप्रिलमध्ये कळतील, असं त्यात म्हटलं होतं. पण तुझा अर्ज आम्हाला फार आवडला आहे, आणि एप्रिलमध्ये तुला प्रवेशाची बातमी मिळण्याची दाट शक्यता आहे. अभ्यास असाच चालू ठेव. मी अशा पत्रांबद्दल वाचलं होतं. जी मुलं आपल्याला हवीच आहेत ती दुसरीकडे जाऊ नयेत, म्हणून ही कॉलेजं त्यांना आधीच अशी खूण देतात. त्या खुणेवरून मागे फिरल्याचं सहसा होत नाही. मी प्रज्ञाला जवळ घेतलं. आम्ही दोघी रडलो. मग पत्र घेऊन खाली गेलो.

साहेब नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी चष्मा बदलला, पत्र सावकाश वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि एका शब्दाखाली रेघ मारली.

"हे 'लाइकली' लिहून आहे," ते म्हणाले.

"हो. म्हणजे जवळजवळ नक्कीच," मी म्हटलं.

"जवळजवळ कशाला लिहिते मॅडम? नक्की असतं तं नक्की लिहिलं असतं."

"साहेब, ती त्यांची पद्धत आहे. अधिकृत तारखेच्या आधी याहून स्पष्ट लिहीत नाहीत ते."

"होऊ शकते म्हणजे नाहीही होऊ शकत." त्यांनी पत्राची घडी घातली. "प्रज्ञा, उद्याचा टेस्ट पेपर सोडवला का?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी देवळीतल्या बुद्धमूर्तीपुढे लावायला उदबत्ती काढली होती. ती तशीच हातात राहिली.

पुढचा महिना माझ्या संयमाची परीक्षाच होती. त्यांनी त्या कॉलेजला फॅक्स पाठवला. काय, तर आपल्या पत्रातील 'लाइकली' या शब्दाचा नेमका अर्थ लेखी कळवावा. हे ऐकून मी तडक खाली गेले. म्हटलं, "साहेब, असल्या फॅक्समुळे ते म्हणतील नको ही मुलगी." ते म्हणाले, "अर्थ विचारल्यानं जे जाते ते आपलं नव्हतंच." तिकडून साहेबांच्या ऑफिसात फोन आला. बोलणाऱ्या बाई हसल्या म्हणे, आणि म्हणाल्या की तुम्ही निश्चिंत झोपा. मी विचारलं, "आता तरी?" तर म्हणाले, "फोनवर तं कोणीही बोलते." दुसरा फॅक्स गेला.

आणि बातमी कोणालाही सांगायची नाही, अशी घरात सक्त ताकीद. ना शाळेत, ना मराठी मंडळात, ना गावी. भंडाऱ्याला त्यांची आई होती. सत्तरी उलटलेली, दम्याने बेजार, धाकट्या मुलाकडे राहायची. दर शुक्रवारी तिला फोन जाई. वहिनी म्हणत, "निदान आत्याबाईंना सांगू द्या. नात अमेरिकेला जाणार म्हटलं तं त्यांना दोन घास जास्त जातील." साहेब म्हणत, "कागद येऊ दे." शुक्रवार आला की वहिनी फोनवर हवापाण्याचं बोलत आणि डोळे पुसत.

एका शुक्रवारी मला राहवलं नाही. मी खाली गेले. साहेब बाल्कनीत दाण्यांच्या शेंगा फोडत बसले होते. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कोणावर विश्वास ठेवू नका, तुमची मर्जी. पण त्या म्हातारीला का ताटकळत ठेवता? वाईट काहीच घडणार नाही. आणि समजा घडलंच, तर त्या समजून घेतील."

त्यांनी हातातली शेंग फोडून दाणे माझ्यापुढे केले. मग म्हणाले, "बसा मॅडम."

मी बसले.

"माझी आई बिड्या वळायची. मी इंजिनियरिंगला फॉर्म भरला, तं कॉलेजातला एक कारकून ओळखीचा झाला. तो म्हणाला, तुझं नाव यादीत आहे, मी डोळ्यानं पाहिलं, जा, घरी सांग. मी घरी सांगितलं. आईनं सगळ्या वस्तीत गूळ वाटला. बिडी कारखान्यातही सांगून आली. मंग यादी लागली. तिच्यात मी नव्हतो. नाव होतं, का काढलं, का तो झूठच बोलला, काही कळलं नाही. कोणाला विचारणार?"

त्यांनी फोलपटं एका बाजूला लोटली.

"त्याच आठवड्यात ती बिड्या द्यायला गेली. मी टोपली घेऊन सोबत होतो. मुनीम सगळ्यांसमोर म्हणते, 'इंजिनियरची माय आली, हिच्या बिड्या नीट पारखून घ्या.' तो एरवीही आमचा माल लांबूनच घ्यायचा. त्या दिवशी रांगेतल्या बायाही हसल्या. मी आईचं तोंड पाहिलं, मॅडम. पुढच्या वर्षी माझा नंबर लागला, पण तिनं कोणाला सांगितलं नाही. मी होस्टेलला जाईपर्यंत सांगितलं नाही." त्यांनी पुन्हा एक शेंग उचलली. "आता या वयात तिला पुन्हा तसं नको. एप्रिल काही लांब नाही."

माझा राग मात्र गेला नाही. फक्त तो आता नेमका कोणावर करायचा, हे कळेनासं झालं.

साहेबांची आई एप्रिलपर्यंत थांबली नाही. प्रज्ञाचे बोर्डाचे पेपर चालू असताना भंडाऱ्याहून फोन आला. साहेब तातडीने मस्कतला गेले, तिथून मुंबई, तिथून नागपूर. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. प्रज्ञाला पेपरमुळे जाता आलं नाही. ती केमिस्ट्रीचा पेपर देऊन आली, तेव्हा वहिनींनी तिला सांगितलं. त्या रात्री खालच्या मजल्यावर दोघी मायलेकीच होत्या, म्हणून मी त्यांच्याकडे झोपायला गेले. प्रज्ञा भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण झोपली नव्हती.

एप्रिलमध्ये कुरियरने जाडजूड लिफाफा आला. साहेबांनी तो घरी सगळ्यांसमोर फोडला. प्रवेश, शिष्यवृत्ती, होस्टेल, सगळं होतं. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक ओळ वाचली. मग वर येऊन माझ्या दारात उभे राहिले. "कागद आला, मॅडम," एवढंच म्हणाले. दाढी वाढलेली, खांदे पडलेले. त्या क्षणी त्यांना धरून गदागदा हलवावं असंही वाटलं आणि जेवायला वाढावं असंही. मी त्यांना आत बोलावलं, पण ते आले नाहीत.

वाटलं होतं, आता तरी हा माणूस धडा घेईल. पण छे. एप्रिलनंतर व्हिसा. वकिलातीतल्या माणसाने खिडकीतून सांगितलं, मंजूर झाला, अभिनंदन. हे म्हणाले, पासपोर्ट हातात येऊ द्या. पासपोर्ट आला, तर तिकीट कन्फर्म होऊ द्या. वहिनींनी एक दिवस माझ्याकडे येऊन हातातली पिशवी टेबलावर आपटली आणि म्हणाल्या, "पोरगी तिकडून डिग्री घेऊन येईल तरी हे म्हणतील, सही ओरिजिनल आहे का पाहू द्या."

प्रज्ञा निघायच्या आदल्या दिवशी मी त्या तिघांना जेवायला बोलावलं. माझ्या यजमानांनी सुरमई आणली होती. जेवताना कोणी फारसं बोलत नव्हतं. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आज आजी असायला हव्या होत्या."

साहेबांनी मान खाली घातली. प्रज्ञाने घास ताटात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "आजीला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"लेटर. फेब्रुवारीतलं. मी तिला फोन केला होता. शाळेजवळच्या बूथवरून, कार्ड घेऊन. सॉरी बाबा. तुम्ही नको म्हणाला होता. बट मला सांगायचं होतं तिला."

वहिनींचा हात तोंडाशी गेला. मला वाटलं, आता साहेब कडाडतील. ते म्हणाले, "काय म्हणाली ती?"

"खूप हसली. मग खोकली. मी सांगितलं की अजून फायनल नाही, बाबा म्हणतात कोणाला सांगू नको. तर ती म्हणाली..." प्रज्ञा थांबली. आजीची बोली तिच्या तोंडात बसत नव्हती. पाठ केलेल्या कवितेसारखी ती एकेक शब्द जपून म्हणू लागली. "म्हणाली, 'तुह्या बापाले सांगू नको मले सांगितलं म्हून. त्याले वाटते मी तवा लाजली. मी कायले लाजू? मुनीम कवाचा मेला. गूळ वाटला ते चार दिवस माह्ये लय चांगले गेले होते. तसे दिवस मले मंग भेटलेच नाही.'"

साहेब म्हणाले, "पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं.

"लाजली नाही म्हणाली?"

"हो. मी कायले लाजू, म्हणाली."

"आणि मंग पुढच्या वर्षी कोणाला सांगितलं काहून नाही?"

"ते मी विचारलं नाही बाबा. मला ती स्टोरी माहीतच नव्हती. आईने नंतर सांगितली." मग तिला आठवलं. "पण ती म्हणाली, तुह्या बापाचं तोंड एवढंसं झालं होतं, म्हून मी मंग चूप राहिली."

इतकी वर्षं माय लेकाला जपत होती आणि लेक मायला, आणि दोघांनी एकमेकांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. माझ्या मनात पहिली भावना आली ती चिडीचीच. एवढी शहाणी माणसं, आणि वर्षानुवर्षं असं मुकं राहायचं? साहेब उठले, हात धुवायला मोरीकडे गेले आणि नळ चालू करून बराच वेळ तिथेच उभे राहिले. वहिनी उठू लागल्या, तशी मी त्यांना खुणेने थांबवलं. परत आले तेव्हा त्यांनी प्रज्ञाच्या ताटात स्वतःच्या ताटातला सुरमईचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "खा. तिकडे अशी मिळणार नाही."

पुढे काही वर्षांनी ते निवृत्त होऊन नागपूरला गेले आणि आम्ही पुण्याला परतलो. प्रज्ञा शिकून तिकडेच संशोधनाला लागली. सणावाराला फोन होत.

मागे एकदा सकाळी फोन वाजला. "मॅडम, गजभिये बोलतो. प्रज्ञाचा एका मोठ्या प्रयोगशाळेत इंटरव्ह्यू झाला. त्यांना आवडली ती. होईल असं वाटते."

मी लाटणं खाली ठेवलं. मग म्हटलं, "साहेब, ऑर्डर निघाली?"

"नाही निघाली."

"मग मला का सांगताय?"

"सांगावं वाटलं," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मला जो छळ लावला, त्यापुढे सूरचे दिवस बरे होते. दिवसाआड फोन. प्रयोगशाळेच्या ईमेलमध्ये नुसतं 'रिगार्ड्स' नाही, 'वॉर्म रिगार्ड्स' लिहून आहे, याचा अर्थ काय? तिला घरांच्या भाड्याबद्दल माहिती पाठवली, म्हणजे ते धरूनच चालले ना? तुम्ही इंग्रजीच्या आहात, तुम्हाला काय वाटते? सगळ्या कॉलनीला सांगून झालं होतं. वहिनी मागून ओरडत, "अहो, त्यांच्या पोळ्या करपतील, ठेवा आता." मी म्हणे, साहेब, कळेल तेव्हा कळेल. ते म्हणत, "ते तं आहेच. पण लक्षणं चांगली आहेत."

आणि मग एका सकाळी, "मॅडम, नाही झालं. दुसऱ्या कोणाला घेतलं."

मला वाईट वाटलं. म्हटलं, "आता कॉलनीत सगळे विचारतील तुम्हाला."

"विचारून राहिले ना. सांगतो, नाही झालं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "बरं, ऐका. तिनं आणखी एका ठिकाणी अर्ज टाकला आहे. अजून काहीच पक्कं नाही, पण परवा तिथल्या एका बाईनं तिला स्वतः फोन केला होता..."

मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.